उलटा टांगलेला देव

मैनावला मुखेडात येऊन सात वर्षं झाली, तरी गल्लीच्या मते ती नेपाळीच होती. आपण आसामच्या, बोडो समाजाच्या, हे तिनं सांगून पाहिलं. शेजारची गुरम्मा म्हणाली, "तेच की. नेपाळच." नवरा सुदर्शन फौजेत. तिकडं नेमणुकीवर असताना त्यानं लग्न केलं, बायकोला आईच्या स्वाधीन केलं आणि सीमेवर निघून गेला. तिथं त्या मानानं शांतता होती.

सासू तुळजाबाई मनानं वाईट नव्हती. मैनावच्या माहेरचं, अंगाभोवती गुंडाळायचं हातमागाचं वस्त्र, दखना, तिला फार आवडायचं. पण गणपतीच्या स्टेजवर. घरात डोक्यावरून पदर.

मैनावनं तेही चालवून घेतलं. पण एक दिवस सहा वर्षांच्या ऋतुजानं शाळेतून येऊन विचारलं, "आई, तुझ्या गावात देव नसतो का गं?" पोरीला आजोळचा देव दाखवल्याशिवाय आता मैनावला चैन पडणार नव्हतं. तो देव म्हणजे बाथौ. अंगणात सिजौ लावायचा, म्हणजे आपल्या बांधावरचा निवडुंगच, आणि भोवती बांबूच्या कामट्यांचं पाच गाठींचं कुंपण.

"दारात काटा? घराला अवकळा येईल!" तुळजाबाई म्हणाली. तिच्या डोक्यावर चौकटीला लिंबू-मिरची, काळी बाहुली आणि घोड्याची नाल गुण्यागोविंदानं नांदत होती. बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर मोरीच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असा, देव लावायची परवानगी मिळाली.

महिनाभरात दीर वैजनाथ नगरपालिकेची निवडणूक हरला. मतदारांचा दोष निघणं शक्यच नव्हतं, म्हणून घराचा काढायला त्यानं लातूरहून वास्तुवाला आणला. त्यानं निवडुंगाकडं बघून मान डोलावली. "झाड चांगलंय, जागा चुकली. मुळासकट उपटा, दारावर उलटं टांगा. नजर फिरकणार न्हाई."

मैनाव ऋतुजाला शाळेतून घेऊन आली, तेव्हा तिचा देव चौकटीला खाली डोकं वर पाय लटकत होता.

"वहिनी, तुमच्या झाडाचा मान ठिवला की न्हाई?" वैजनाथ म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

"आई, देवाला शिक्षा केली का?" ऋतुजानं विचारलं.

मैनावनं स्टूल आणलं, दोरी आणली आणि तुळशीची कुंडी उचलली.

"अगं ए, काय करून राहिलीस?" तुळजाबाई धावली.

"मान ठिवून राहिले, आत्याबाई. तुमची तुळसबी टांगते. उलटी."

"देव हाय ती!"

"हाव. तोबी."

तुळजाबाईनं वर पाहिलं, सुनेच्या हातातल्या कुंडीकडं पाहिलं. "वैज्या, उतरव ते."

"पण वास्तुवाला म्हणला की…"

"त्यालाच टांग!"

संध्याकाळी तुळशीच्या बाजूला, सगळ्या गल्लीला दिसेल असा, सिजौ लागला. ऋतुजा जीभ बाहेर काढून कामट्यांना गाठी मारत बसली. तुळजाबाई नाइलाजानं हळदीकुंकू घेऊन आली. "ह्याला निवद काय लागतो?"

मैनावच्या माहेरी बाथौला तांदळाची घरची दारू चढवतात.

"तांदळाचंच असतंय कायतरी," ती म्हणाली. पुढचं सुदर्शननं सुट्टीवर आल्यावर आईला सांगावं. फौजेत माणूस कशासाठी असतो?