बाकी चौऱ्याऐंशी

डिंभ्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो. नववीला मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी होती. एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून थांब्यावर बसून ती भागाकार करायची. एकदा म्हणाली, "सर, एकोणीस येळा एक लिवला तर ती मूळ संख्या व्हती का?" मूळ, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी.

तिने एक गोष्ट हेरली होती. पाच वेळा एक लिहिला, म्हणजे ११,१११, की ४१ ने आणि २७१ ने भाग जातो. या दोघांना पाचाने भागा, बाकी एक. सात वेळा लिहिला की २३९ आणि ४६४९. त्यांना साताने भागा, बाकी एकच. म्हणून एकोणीस एकांसाठी ती फक्त एकोणिसाने भागल्यावर बाकी एक उरणारे आकडे लावून बघत होती. वही भरत आली, भाग काही जाईना. मला हे जन्मात सुचलं नसतं. तेच खुपलं मला, दुसरं काही नाही.

वही तालुक्याच्या प्रदर्शनाला न्यायची होती. मी वर्गासमोर मोबाईल काढला, त्या एकोणीस एकांना तिच्याच यादीतल्या १९१ ने भागलं. उत्तरात दशांश चिन्ह आलं नाही.

"गेला की भाग!"

"न्हाई सर. बाकी चौऱ्याऐंशी उरती."

"मोबाईल खोटा आणि तू खरी?"

वर्ग खिदळला. वहीवर मी लाल काट मारली. तेव्हापासून तिचं नावच पडलं. "ए चौऱ्याऐंशी, गेली का गं तुझी एसटी?"

त्याच शनिवारी शाळा सुटल्यावर मी तो भागाकार फळ्यावर मांडला. बाकी चौऱ्याऐंशी. एवढा मोठा आकडा मोबाईलला पेलत नाही, शेवटचे अंक तो खाऊन टाकतो. मी फळा पुसला. सोमवारी गप्प राहिलो.

दहावीनंतर तिचे वडील भेटले. "सर, पोरीचं गणित कच्चंय म्हणला व्हता ना तुमी? मग फुडं कशाला शिकवायची?" मी मान डोलावली.

पुढे कधीतरी वाचलं, ती संख्या मूळच आहे. तरी वर्षं गेली. गेल्या महिन्यात पिंपळवंडीला तिच्या सासरी गेलो. ती बांधावर टोमॅटोचे क्रेट भरत होती.

"या सर! लई दिसांनी. बाकी काय म्हणता?"

"चौऱ्याऐंशी," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं."

तिचा हात थांबला. "कवा कळलं?"

'आत्ताच' म्हणता आलं असतं. वाटेत तेच ठरवलं होतं.

"त्याच शनिवारी."

"मंजी आमच्या आप्पांनी इचारलं तवा..."

"ठाऊक होतं."

ती पुन्हा क्रेट भरू लागली. कच्चे बाजूला, पिकलेले बाजूला. मी उभाच. क्रेट भरल्यावर, वर न बघता म्हणाली, "निघा सर. एसटीचा भरवसा नसतो."