राहूची लाईट

काल दुपारी शिरूरला लाईट गेली, पंखा मंदावत थांबला आणि राहू गावचा मित्र आठवला. तो, मी आणि दौंडचा एक मित्र असे आम्ही तिघे आपापल्या घरून एक ऑनलाइन खेळ खेळायचो. त्यात राहूचा मित्र वैद्य होता, आमच्या जखमा बऱ्या करायचा. राहूला लाईट गेली की आम्ही दोघे आमची पात्रं गुहेच्या तोंडाशी शेकोटीजवळ बसवून त्याची वाट पाहायचो. “लाईट आल्यावर आधी इहिरीवरची मोटार चालू करंल, मग आपल्याकडं यील,” दौंडच्या रेल्वे कॉलनीतला मित्र हसायचा. पुढे खेळ बदलला. माणसाच्या जागी संगणकाचा सोबती घेता येऊ लागला. खेळातल्या ज्या राक्षसाला हरवण्यासाठी आम्ही तिघेही महिनोन्महिने खपलो होतो, त्याच्याशी एका रविवारी लढायचं ठरलं आणि नेमकी राहूची लाईट गेली. “घे की संगणकाचा वैद्य, कुठवर थांबायचं?” दौंडचा म्हणाला. मी बटण दाबलं. आम्ही जिंकलो. वीस मिनिटांनी राहूचा आला. “झालं व्हय? बरं झालं,” एवढंच बोलून तो विझत आलेल्या शेकोटीपाशी जरा वेळ उभा राहिला. नंतर तो खेळात आलाच नाही. दौंडचाही हळूहळू एकटाच खेळू लागला. आता माझ्यासोबत संगणकाचाच वैद्य असतो. त्याची लाईट कधी जात नाही.