येतो हं, मालक

आमची आत्या खाजगी गुप्तहेर आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली करून विचारतात, "म्हणजे नवरा-बायकोच्या मागावर वगैरे?" मला याचा भयंकर राग येतो. आत्या कुणाच्या मागावर जात नाही. तिचे गुडघे दुखतात. ती वकिलांसाठी काम करते. हरवलेला साक्षीदार शोधायचा, कागदावर लिहिलंय तसं खरंच घडलं का ते जागेवर जाऊन बघायचं, कुणी नेमकं काय ऐकलं ते विचारायचं. कोर्टात रुबाब वकिलांचा, पायपीट हिची.

त्याआधी तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, त्यामुळे कान तयार. माणूस काय बोलला यापेक्षा कसं बोलला ते तिला आधी कळतं, आणि त्याचा घरच्यांना फार ताप होतो. फोनवर मी नुसतं "बरी आहे" म्हटलं, तरी संध्याकाळी ही डबा घेऊन दारात हजर. कामावर निघताना काळा चष्मा नाही की लांब कोट नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत विणकाम. सुया चालत असल्या की समोरचा माणूस सुयांकडे बघत मोकळेपणाने बोलतो, असं तिचं म्हणणं. साक्षीदाराला ती एवढंच सांगते, "तो काय म्हणाला ते सांगू नका, तो म्हणाला तसं म्हणून दाखवा." आणि स्वतःला एक बजावते, त्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. घातलेला शब्द कोर्टात टिकत नाही.

एकदा एका वकीलबाईंनी तिच्याकडे आपल्या अशिलाला, एका इस्त्रीवाल्याला पाठवलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. अंगातला शर्ट चुरगळलेला. तो कामाला होता त्या लाँड्रीला आग लागली, त्या दिवसापासून त्याने इस्त्रीला हात लावला नव्हता.

मागची खोली जळाली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांची राख झाली. मालक म्हणत होता, मी बाहेर होतो, हा जेवून आला आणि तापलेली इस्त्री कपड्यावर विसरला. इस्त्रीवाला म्हणत होता, मी तेव्हा जेवायला निघालो होतो, मालक आत स्वतःची पँट इस्त्री करत होते. शेजारी चष्म्याचं दुकान, मधे पातळ भिंत. तिथल्या बाईंच्या जबाबात पोलिसांनी लिहिलं होतं, 'आगीच्या थोडे आधी सदर इसम येत असल्याचे ऐकले.' या ओळीने बिचाऱ्याचं कंबरडंच मोडलं. शिक्षा होईल ती वेगळीच, पण गुन्हा शाबित झाला की पुन्हा कोण त्याच्या हातात इस्त्री देणार? काम मागायला गेला तिथून आत्ताच नकार यायला लागले होते.

उठताना तो म्हणाला, "जातो, ताई."

"जातो म्हणू नये हो. येतो म्हणावं."

"कुठल्या तोंडाने म्हणू? परत या म्हणणारं कुणी उरलं नाही."

तो गेल्यावर आत्या विणायला बसली. त्या दिवशी तिचे टाके सारखे सुटत होते.

मग चष्म्याच्या दुकानात तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. आपण इस्त्रीवाल्याच्या वकिलांकडून आलोय हे तिने आल्याआल्याच सांगितलं. बाई भल्या होत्या, पण कामात बुडालेल्या. खाली मान घालून काचा बसवत त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "सगळं कागदावर आहे ना? मग झालं तर." म्हणून दाखवा म्हटलं की, "मला काय नाटक येतंय?" आत्या बसता यावं म्हणून चष्मे करून घेत राहिली. वाचायचा, विणायचा, लांबचा. तिचे डोळे एवढे वाईट नाहीत.

शेवटच्या फेरीला मी बरोबर होते. आत्याने हात टेकले होते. नवा चष्मा पिशवीत टाकून ती उठली आणि दारातून म्हणाली, "बरं, येते हं."

"या," बाई मान वर न करता म्हणाल्या. मग त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "अहो, अगदी असंच म्हणाला तो."

"कसं?"

"येतो हं, मालक."

आत्याचा एक पाय पायरीवर, एक आत. जीभ आवरायला तिला इतके कष्ट कधी पडले नसतील. तिने फक्त विचारलं, "मग?"

"मग आतून मालक 'बरं' म्हणाले. रोजच्यासारखं." बाई स्वतःशीच ते दोनदा पुटपुटल्या. "म्हणजे तो निघाला होता की. मी त्या पोलिसाला सांगितलं, तो येतो म्हणाला. त्याने लिहिलं काय?"

आत्याने जबाबाची प्रत पुढे केली. पोलीस आले त्या दिवशी आतल्या खुर्चीत डोळ्यांत थेंब घातलेलं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून बाईंनी न वाचताच सही ठोकली होती.

"हे वकीलबाईंना सांगा," आत्या म्हणाली, "तुमच्याच शब्दांत."

घरी येताना ती खूश असेल असं मला वाटलं होतं. उलट तिचं तोंड उतरलेलं. "शब्द आधी माझ्याच तोंडून गेला गं," ती म्हणाली. "आता समोरचा वकील मला सोलून काढणार."

आणि झालंही तसंच. कोर्टात चष्मेवाल्या बाईंची साक्ष झाली आणि सरकारी वकिलांनी आवाज चढवला. "या बाई तुमच्याकडे पुन्हा पुन्हा आल्या. 'येते' हा शब्द आधी त्याच म्हणाल्या. तोच तुम्ही इथे म्हणताय. आणि येतो म्हणजे येतो. जायचं असतं तर तो जातो म्हणाला असता."

चष्मेवाल्या बाई गडबडल्या. "मला आठवलं ते सांगितलं," एवढंच म्हणाल्या. इस्त्रीवाला जमिनीकडे बघत होता. माझ्या शेजारी आत्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"ठीक आहे," न्यायाधीश लिहिता लिहिता म्हणाले. "तुम्ही जाऊ शकता."

बाईंना दुकान गाठायची घाई. त्या पिंजऱ्यातून उतरल्या, दारापाशी वळल्या आणि सवयीने म्हणाल्या, "बरं, येते हं, साहेब."

"या," न्यायाधीश म्हणाले.

मग त्यांचं पेन थांबलं. बाई तोवर बाहेर पडल्याही होत्या. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून सरकारी वकिलांकडे पाहिलं. "वकीलसाहेब, या बाई आत्ता आल्या की गेल्या?"

सरकारी वकील चांगला माणूस असावा, कारण तोही हसला.

इस्त्रीवाला निर्दोष सुटला. मालकाचं पुढे काय झालं ते वकीलबाई बघतायत. आम्हाला त्यात रस नाही.

काही दिवसांनी इस्त्रीवाला आत्याकडे आला. शर्टाची बाही कडक, घडी अशी की हात लागला तर कापेल. एका हॉटेलात काम लागलं होतं, सगळ्या चादरी त्याच्याकडे. चहा घेतला, आत्याच्या विणकामाला नावं ठेवली, खूप हसला. निघताना चपला घालून तो दारात उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "येतो हं, ताई."

समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडून कुणीतरी डोकावलं. आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"या," ती म्हणाली.

"जरा मोठ्याने म्हणालो," तो म्हणाला. "शेजारी ऐकू गेलेलं बरं."