आमच्या बाईंच्या दुपारी

आमच्या सासूबाईंना त्यांची स्वतःची मुलंसुद्धा 'बाई' म्हणत. दोन्ही मुलं आणि मुलगी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात शिकली, आणि वर्गात आई म्हणायचं नाही असा बाईंचा नियम होता. चार वर्षांत ते 'बाई' मुलांच्या जिभेवर असं बसलं की घरी आल्यावरही सुटेना. पुढं अण्णा, म्हणजे माझे सासरे, तेही "बाई, चहा होईल का?" असं विचारायला लागले. लग्न होऊन मी भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आले, तेव्हा मीही तेच उचललं.

मी मंगळवेढ्याकडची. बोलणं गावचं. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर "आज पाणी आलं न्हाय" म्हणाले आणि नणंद तोंडाला पदर लावून हसली. पाहुणे गेल्यावर मी बाईंना विचारलं, "मी तुमच्यासारखं बोलायला शिकू का?" त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शीक की. पण आधीचं टाकू नको. माझ्या वर्गात निम्मी पोरं तेलुगू बोलत येतात. त्यांना मी सांगते का, जीभ घरी ठेवून या म्हणून?" त्यानंतर नणंदही माझ्या बोलण्याला हसली नाही.

ती पोरं आसपासच्या विणकरांच्या घरांतली. आईबाप मागावर, बारकी भावंडं मोठ्या बहिणीच्या कडेवर. रडत आलेल्या मुलाला बाई "रा अम्मा, कूर्चो" म्हणत, म्हणजे ये बाळा, बस. त्यांना तेलुगू आठ-दहा वाक्यांपलीकडं येत नव्हतं, पण तेवढ्यावर पहिल्या दिवसाचं रडणं थांबायचं.

तिसरीतली लक्ष्मी यायची बंद झाली, तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. आईनं सांगितलं, बाळाला बघायला कुणी नाही. बाई म्हणाल्या, "मग बाळालाही पाठव." दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या कोपऱ्यात घरची एक जुनी गोधडी अंथरली गेली आणि तिच्यावर लक्ष्मीचा भाऊ झोपू लागला. महिन्याभरात तिथं चार बाळं झाली. मुख्याध्यापकांनी आधी तोंडी, मग लेखी हरकत घेतली. शेवटी एक साहेब तपासणीला आले आणि दारातूनच मोठ्या आवाजात विचारू लागले, ही शाळा आहे की पाळणाघर. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "साहेब, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. जरा हळू बोलता का?" साहेब हळू बोलले. तपासणीच्या वहीत काय लिहिलं ते बाईंनी कधी सांगितलं नाही, पण गोधडी कोपऱ्यातून हलली नाही. लक्ष्मी सातवीपर्यंत शिकली.

शाळा सकाळची असायची. दुपारी जेवणं उरकली की बाई बाहेरच्या खोलीत जुनी लुगडी पसरायच्या, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायच्या आणि गोधडी घालायला बसायच्या. सोलापूरचं ऊन दाराशी येऊन थबकलेलं असायचं. गल्लीतल्या मागांचा खटखट आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखा यायचा. त्या आवाजाच्या लयीत त्यांची सुई खालीवर व्हायची. मी उंबऱ्याशी पडून बघत राहायची आणि बघता बघता माझा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा ऊन भिंतीवर चढलेलं असायचं आणि गोधडी हातभर पुढं सरकलेली. मधला वेळ कुठं गेला ते कळायचं नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला दिवस गेले. आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. मुलगा होता. दवाखान्यातून घरी आले तर सगळे माझ्याशी जपून बोलत होते, म्हणजे बोलतच नव्हते. मी शिवलेली चार झबली नणंदेनं कपाटाच्या वरच्या कप्प्यात लपवली होती. मला ती जागा ठाऊक होती. रोज मी त्या कपाटासमोर उभी राहायची आणि तशीच परत फिरायची.

एका दुपारी बाईंनी हाक मारली. लुगडी पसरलेली होती आणि झबली त्यांच्या मांडीवर होती. "बस," त्या म्हणाल्या. मी बसले. "ही कुणाला द्यायची नाहीत, आणि कपाटातही ठेवायची नाहीत. आत घालू या का? तू म्हणशील तसं."

मी एक झबलं उचललं आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग मान हलवली. त्यांनी झबल्यांच्या शिवणी उसवल्या, एकेक कापड हातानं सपाट करून लुगड्यांच्या दोन थरांमध्ये ठेवलं आणि दुसरी सुई माझ्या हातात दिली. "तू तिकडून ये, मी इकडून येते. मधे भेटू."

अडीच महिने लागले. एकदा मी विचारलं, "बाई, तुमचं असं कधी झालं होतं?" त्या म्हणाल्या, "एकदा. दोघांच्या मधे." दोन्ही मुलांच्या वयात सहा वर्षांचं अंतर का, ते मला तेव्हा समजलं. मग पुन्हा नुसता मागांचा आवाज. गोधडी पुरी झाल्यावर मी ती घडी घालून पेटीत ठेवू लागले, तर त्यांनी हात धरला. "अंथर. गोधडी वापरून मऊ होते." तीन वर्षांनी मुक्ता झाली, ती त्याच गोधडीवर पालथी पडायला शिकली.

अण्णा गेल्यावर आम्ही बाईंना घेऊन जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिथं मागांचा आवाज नव्हता. बाई म्हणायच्या, "इथं दुपार कळतच नाही." नजर अधू झाली, तसं मी दोरा ओवून द्यायचे आणि त्या बोटांनी चाचपून टाका घालायच्या. मग टाकेही चुकायला लागले. हळूहळू माणसंही.

शेवटच्या हिवाळ्यात त्या रोज दुपारी खाटेवर ताठ बसून हजेरी घ्यायच्या. चाळीस वर्षांपूर्वीची नावं, क्रमानं, एकही न चुकता. उत्तर आलं नाही की बेचैन व्हायच्या, म्हणून आम्ही घरातले आळीपाळीनं हजर म्हणायचो. माझे यजमान नोकरीतून निवृत्त झालेले, तेही सोफ्यावर बसून "हजर, बाई" म्हणायचे. कुणी हसायचं नाही. त्या अर्ध्या तासात घर कुठंतरी तरंगत असल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी घरात मी एकटीच होते. पटावरची सगळी नावं संपली, तरी त्या थांबल्या नाहीत. खिडकीकडं बघत म्हणाल्या, "निर्मला माने."

निर्मला माने हे माझं माहेरचं नाव. त्यांच्या वर्गात मी कधीच नव्हते. हातातलं काम ठेवून मी उठून उभी राहिले.

"हजर, बाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओळख नव्हती, पण नजर मऊ होती. "नवीन का गं तू? कुठनं आलीस?"

"मंगळवेढ्याकडनं, बाई."

"लांबनं आलीस की," त्या म्हणाल्या आणि खाटेची कड हातानं थोपटली. "बस हितं, माझ्याजवळ."

मी बसले. आठवड्याभरानं त्या गेल्या.