पहिल्या फायनलच्या अकराजणी

इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या मराठी मंडळात मला "बास्केटबॉलवाली" म्हणतात, आणि मी जन्मात एकदाही बास्केटमध्ये बॉल टाकलेला नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं. मी नोकरी करते एका कॉन्फरन्सच्या ऑफिसात. कॉन्फरन्स म्हणजे इथे आसपासच्या कॉलेजांचा एक गट. ही कॉलेजं हिवाळाभर एकमेकांशी खेळतात आणि मार्चमध्ये एका गावात जमून चार दिवसांची टुर्नामेंट करतात. हरला तो घरी. शेवटी उरेल तो चॅम्पियन, आणि पुढे देशपातळीवर जायला मिळतं ते त्यालाच. आमची कॉलेजं लहान, टीव्हीवर क्वचित दिसणारी. पण त्या चार दिवसांत माझा जीव जसा टांगणीला लागतो, तसा तो क्रिकेट बघताना कधी लागला नाही.

दोनेक वर्षांपूर्वी बॉस म्हणाला, मुलींच्या टुर्नामेंटच्या इतिहासाची एक पुस्तिका काढू. पहिल्यापासूनचे विजेते, फोटो, सगळ्या खेळाडूंची नावं. तुला लिहायची हौस आहे, तूच कर. मी केली. आणि तिथेच घोळ घातला.

त्याचं असं आहे, मंडळाची गणपतीची स्मरणिका मी बरीच वर्षं काढते. तिथला नियम एकच: छापण्याआधी ज्याचं ज्याचं नाव आत आहे, त्याला प्रूफ दाखवायचं. कारण एखादं नाव चुकलं की ते घर वर्षभर फुगून बसतं. एकदा प्रसाद कमिटीतल्या एका काकूंचं आडनाव मी चुकवलं, तर पुढची दोन वर्षं त्या मला "अहो संपादकबाई" म्हणत होत्या, आणि तेही तोंड वाकडं करून! त्या सवयीने मी कोणालाही न विचारता पुस्तिकेचा ड्राफ्ट आमच्याकडे पत्ते असलेल्या यच्चयावत जुन्या खेळाडूंना पाठवून दिला. कृपया आपलं नाव तपासा.

बॉस लालबुंद झाला. "ड्राफ्ट बाहेर गेला? कोणाला विचारून?"

"मला वाटलं, असंच करतात."

"कोण करतं असं?"

आता याला गणपती कुठून समजावू?

उत्तरं यायला लागली. कोणाच्या नावात एक अक्षर कमी होतं, कोणाचं लग्नानंतरचं नाव राहिलं होतं. आणि एक पत्र आलं हाताने लिहिलेलं, एका रिटायर झालेल्या पीटी टीचरचं. सत्तरीच्या बाई. आमच्या यादीतल्या पहिल्याच वर्षी फायनल हरलेल्या टीमच्या त्या कॅप्टन, म्हणून ड्राफ्ट त्यांच्यापर्यंत पोचला होता. लिहिलं होतं, "यादी छान झाली आहे. फक्त ती एक वर्ष उशिरा सुरू होते. ज्याला तुम्ही पहिलं वर्ष म्हणता, ते दुसरं. पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो होतो."

बॉसला दाखवलं. तो म्हणाला, मुलींचे खेळ कॉन्फरन्सने हातात घेतले ते त्या दुसऱ्या वर्षापासून. त्याआधी कोचनी आपापसात काही भरवलं असेल, ते ऑफिशियल नाही. विषय संपला.

त्याचा संपला. मी त्या बाईंना फोन लावला.

त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. सगळ्या कॉलेजांच्या कोचनी मिळून टुर्नामेंट भरवली होती. जिम मुलांना प्रॅक्टिससाठी हवी, म्हणून फायनल सकाळी आठला. प्रेक्षक म्हणजे दोन झाडूवाले आणि कोणाची तरी आत्या. अकरा मुली तीन गाड्यांत कोंबून आलेल्या. इथे जिंकलेली टीम शिडीवर चढून बास्केटची जाळी कापते, प्रत्येकीला आठवण म्हणून दोरीचा एकेक तुकडा मिळतो. यांनी शिडी मागितली तर उत्तर मिळालं, जाळीला हात लावायचा नाही, मुलांना लागणार आहे.

"घरी गेले," बाई म्हणाल्या, "तर आईने विचारलं, प्रॅक्टिस कशी झाली? मी म्हटलं, अगं, आम्ही चॅम्पियन झालो! तिला खरंच वाटेना. शेवटपर्यंत वाटलं नाही."

त्या हसल्या. मला हसू येईना. माझी सटकली होती.

पुढचे तीन शनिवार मी ती फायनल झाली त्या गावच्या लायब्ररीत जुन्या पेपरांत डोकं खुपसून बसले. नवरा म्हणाला, "पगार वाढवून मागितलास का?" तिसऱ्या शनिवारी सापडलं. पिना पाडायच्या बोलिंगच्या निकालाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत तीन ओळी. कोण जिंकलं, कोण हरलं, झालं. मी लायब्ररीतच इतक्या जोरात "सापडलं!" म्हणून ओरडले की शेजारच्या आजोबांचा चष्मा नाकावरून घसरला.

त्या बातमीची झेरॉक्स घेऊन कॉन्फरन्सच्या कमिटीपुढे गेले. विचार करून कमिटी म्हणाली, ठीक आहे, घालू, पण नावापुढे चांदणीची एक खूण आणि खाली बारीक अक्षरांत "अनधिकृत".

मी बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "चांदणी तर चांदणी. आम्ही अकराजणी होतो, आता सात उरलोय. फक्त लवकर कर गं."

ते "लवकर कर" माझ्या काळजात घुसलं. म्हटलं, नाही! आता चांदणीसुद्धा नको. पुन्हा कमिटीपुढे उभी राहिले. एरवी साहेबलोकांसमोर माझं इंग्लिश अडखळतं, त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. मी म्हटलं, "स्वयंपाक झाला होता, पंगत उठली होती, लोक हात धुवून घरी गेले होते. तुम्ही वाढायला नव्हता, म्हणून जेवणच झालं नाही? दुसऱ्या वर्षी त्याच मुली होत्या, तेच कोच, तोच खेळ. नवा होता तो फक्त तुमचा लेटरहेड." मग सगळ्यात म्हातारे सभासद खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "या म्हणतायत ते बरोबर आहे." आणि चांदणी गेली. मी गाडीत बसून पाच मिनिटं नुसती रडले.

यंदाच्या मार्चमध्ये, शनिवारी दुपारी, मुलींच्या फायनलच्या मध्यंतरात पहिल्या चॅम्पियन टीमला कोर्टवर बोलवायचं ठरलं. सातहीजणी आल्या. एक वॉकर घेऊन, एक मुलीच्या हाताला धरून. कॅप्टनबाई ताठ, शर्ट नीट खोचलेला. अनाउन्सरचा कागद लिहायचं काम माझं. बॉसने बजावलं होतं, मध्यंतर लहान असतं, आलेल्यांचीच नावं घाल. पण यादीतून नाव गाळायला माझा हातच धजत नाही. अकराच्या अकरा लिहिली, जर्सीच्या नंबराप्रमाणे. आणि गडबडीत, त्यातल्या कोण आता नाहीत, ती खूण करायची साफ विसरले.

माझ्या लक्षात आलं तेव्हा अनाउन्सरने वाचायला सुरुवात केली होती. पहिलं नाव, टाळ्या. दुसरं नाव, टाळ्या. तिसरं नाव वाचलं आणि कोणीच पुढे आलं नाही. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला आणि तेच नाव पुन्हा वाचलं. देवा, अख्ख्या गावासमोर मी या बायकांचं हसं करून ठेवलं.

तेवढ्यात कॅप्टनबाई एक पाऊल पुढे आल्या आणि, एखादी शाळेतली मुलगी हजेरीला ओ देते तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिअर!"

अनाउन्सर समजला. शहाणा माणूस, थांबला नाही, पुढे वाचत गेला. सहावं नाव पुन्हा एका गेलेल्या मुलीचं होतं. या वेळी सातहीजणी एकदम म्हणाल्या, "हिअर!" आठवीही गेलेली; तिच्या नावाला, मध्यंतर संपवून परतणाऱ्या दोन्ही टीमच्या मुली कोर्टच्या कडेला थांबून त्यांच्याबरोबर ओरडल्या.

मी स्कोअरच्या टेबलाला धरून उभी होते. शेवटचं, अकरावं नाव आलं. कोर्टवर कोणी हललं नाही, आणि अख्ख्या स्टेडियमने उभं राहून ओ दिली.