मेथीचा वाफा आणि बारा पानी कागद

इंग्लंडात, लेस्टरला आमच्या भागाच्या आराखड्यावर सार्वमत होतं. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, बारा पानी कागद आला, पण कौन्सिलच्या जमिनीवर भाड्याने घेतलेल्या माझ्या मेथीच्या वाफ्याचं काय होणार, ते त्यात कुठेच नव्हतं. मी चौथी शिकलेला, पण हटणारा नाही. सभेत उठून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "'हो' म्हटलं तर वाफा राहतो की जातो?"

कौन्सिलचा साहेब दहा मिनिटं बोलला. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "राहतो."

"मग हेच पहिल्या ओळीत लिहा की!"

पुढच्या आठवड्यात नवा कागद आला, एकच पान. 'हो' म्हणजे वाफे राहणार, 'नाही' म्हणजे तिथे घरं होऊ शकतील. मी तो शेजाऱ्यांना मिरवून दाखवला.

एरवी दर मतदानाला बायको विचारायची, "अहो, फुली कुठे मारू?" यंदा चष्मा लावून तिने स्वतःच वाचलं.

मी म्हटलं, "'हो'वर मार."

"कळलंय मला. चाळीस वर्षं तुमची मेथी निवडतेय. ठरवीन माझं मी."

वाफा वाचला. तिची फुली कुठे पडली, ते ती अजून सांगत नाही. तेव्हापासून मेथी मीच निवडून घरी आणतो.