खुर्शिदाभाभींचं रिकामं फोल्डर

भोरच्या तहसील कचेरीसमोर माझं अर्ज लिहायचं टेबल आहे आणि त्याला लागूनच खुर्शिदाभाभींचं झेरॉक्सचं दुकान. चौदा वर्षांचा शेजार. बाई बोलायला फटकळ, पण व्यवहाराला चोख. एखादं पान चुकून जास्त निघालं तर फाडून टाकतील, मला पाठकोरं म्हणूनसुद्धा द्यायच्या नाहीत.

हल्ली लोक कागद घेऊन येतच नाहीत, मोबाईल घेऊन येतात. भाभी तो दुकानाच्या वायफायला जोडतात आणि वायर न लावता फाइली कॉम्प्युटरवर उतरवतात. कुणाच्याही फाइली असोत, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये येऊन पडतात. काम झालं की भाभी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवतात, फोल्डरमधलं सगळं कायमचं पुसतात आणि विचारतात, "बघितलं? रिकामं झालं का?" गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत सुटका नाही. मी चिडवायचो, "भाभी, पुजारी ताम्हण घासत नसेल एवढं तुम्ही ते फोल्डर घासता."

त्यावर त्या कधी हसल्या नाहीत. त्यांच्या लेकीचा, फौजियाचा, स्थळासाठी काढलेला फोटो कुठल्याशा दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहून गेला होता, आणि तिथून नको त्या मोबाईलवर फिरला. पोरीनं सहा महिने उंबरठा ओलांडला नाही. मग भाभींनी स्वतःचंच दुकान टाकलं. हे कळल्यावर मीही चिडवणं बंद केलं.

गेल्या मार्चात भोंगवलीचे चिमाजीबाबा आले. वय सत्तरीपुढचं. मोबाईल गच्च भरलेला, सारखा अडकणारा. त्याचं वायर खुपसायचं भोक बिघडलेलं. चार्जिंग कसंबसं व्हायचं, बाकी काही नाही.

"आमच्या साळूबाईच्या आवाजाच्या चिठ्ठ्या हायेत ह्यात," बाबा म्हणाले. "तिला लिवता येत नव्हतं. म्या रानात असलो की घरनं बोलून धाडायची. तेवढ्या पेनड्राइव्हात भरा अन् मोबाईल मोकळा करा."

साळूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचा स्वतःचा मोबाईल जावयानं सगळं पुसून वापरायला घेतलेला. म्हणजे बाईचा आवाज जगात या एकाच जागी उरला होता.

"पेनड्राइव्ह आणलाय का?"

"न्हाई वो."

"मग बाजारातनं घेऊन या. तवर मी उतरवून ठेवते."

वायफायवरनं दोनशे चौदा चिठ्ठ्या उतरल्या. भाभींनी पहिली लावून पाहिली. "अवं, भाकरी थापलीया. रानातच ऱ्हाताय का काय आता?" आम्ही तिघंही हसलो. आकडा दोनदा जुळवून भाभींनी मोबाईलमधल्या चिठ्ठ्या पुसल्या. बाबांनी सांगितलंच होतं तसं. मोबाईल खिशात घालून बाबा बाजारात गेले.

तेवढ्यात वरव्याची राजनंदिनी आली. दाखल्याचे कागद, कचेरी बंद व्हायची वेळ, जीव नुसता वरखाली. भाभींनी फाइली घेतल्या, प्रिंटा काढल्या. पोरगी म्हणाली, "भाभी, माझं आधार तेवढं पुसा हां."

भाभींनी स्क्रीन वळवली. सगळं निवडलं, कायमचं पुसलं. "बघितलं? रिकामं झालं का?"

"झालं," म्हणत पोरगी पळाली.

मी दोन हातांवर बसलो होतो. सगळं बघत होतो, आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. याचा मला आजही माझाच संताप येतो.

बाबा पेनड्राइव्ह घेऊन परतले, तळहातावर, वेष्टनासकट. भाभींनी फोल्डर उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "या अल्ला," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी तिथल्या तिथं कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो डबा मांडीवर घेऊन पुण्याला, पुसलेलं परत काढून देणाऱ्याकडे गेल्या. आठ दिवस दुकान बंद. चौदा वर्षांत ईद सोडली तर मी ते शटर कधी दिवसभर खाली पाहिलं नव्हतं. पुण्याच्या माणसानं दोनशे चौदा चिठ्ठ्यांची नावं परत काढून दिली. प्रत्येक नावात तारीख होती. आवाज मात्र एकीतही नव्हता.

भाभींनी बाबांना बोलावून घेतलं. मला म्हणाल्या, "तुमी जवळ बसा. मला एकटीला जमायचं न्हाई." बाबा आले, तसं त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि रडल्या.

बाबांनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाले, "तारखा हायेत न्हवं? वाचा."

"बारा जून."

"त्या दिशी म्हस येली. 'रेडी झालीया, बिगीनं या,' म्हनली."

"तीन जुलै."

"'छत्री घरीच ऱ्हायली तुमची. भिजू नगासा.'"

भाभी वाचत गेल्या, बाबा सांगत गेले. एकही शब्द अडला नाही. भाभींच्या आवाजात जरा जीव आला. मलाही हायसं वाटलं. म्हटलं, चला, म्हाताऱ्याला सगळं पाठ आहे, अगदीच काही बुडालं नाही.

"एकोणीस सप्टेंबर," भाभींनी वाचलं. "ही शेवटची."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाबा?"

"ती म्या ऐकलीच न्हाई," बाबा म्हणाले. "सकाळी भांडान झालं हुतं. रागानं ऐकली न्हाई. अन् दुसऱ्या दिशी ती गेलीच."

"मग नंतर?" मी न राहवून विचारलं.

"नंतर ठिवली. समद्या ऐकल्या की तिचं बोलनं सपलं. म्हनलं, एक असू द्यावी राखून."

भाभी तोंडाला पदर लावून त्या तारखेकडे बघत होत्या. बाबा खुर्चीतून पुढं सरकले.

"भाभी, उतरवताना ही तुमी लावली न्हवती का वो? थोडी तरी?"

"न्हाई, बाबा," भाभी म्हणाल्या. "मी पहिलीच लावली."